पडद्याच्या दांड्यांची कैची

छप्पर डोक्यावर असतं. त्यामुळे त्याच्याबद्दल डोकं चालवण्याचा हक्क ज्याला डोकं आहे त्या प्रत्येकाला आपोआप मिळतो. पायाचं तसं नाही. पाया जमिनीखाली असतो, दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्यासाठी माणूस मुकाट्याने जाणकाराला पैसे मोजतो. छप्पर मात्र खालून सगळ्यांना दिसतं. (खालून दिसणाऱ्या गोष्टींबद्दल मत द्यायला पात्रता लागत नाही, हे कोणत्याही कार्यालयात चार वर्षं काढलेल्या माणसाला पटेल.)

म्हणून सासरेबुवांच्या माडीवरचं छप्पर बदलायचं ठरलं, तेव्हा नकाशाचं काम धाकट्या जावईबापूंनी अंगावर घेतलं यात नवल काही नव्हतं. त्यांना त्यातून काय मिळणार होतं ते आधीच मांडून ठेवू, म्हणजे पुढे कोणी उगाच हळहळायला नको.

एक तर इंजिनियरची फी वाचणार होती. ती वाचणार सासरेबुवांची, पण वाचवल्याचं श्रेय जमा होणार जावईबापूंच्या नावावर; आणि श्रेयावर कर लागत नाही. दुसरा लाभ थोरल्या जावयाच्या पंपाशी संबंधित होता. नऊ वर्षांपूर्वी थोरल्या जावयाने या घरातला पाण्याचा पंप एका दुपारी उघडून, पुसून पुन्हा बसवला होता आणि तो चालू झाला होता. तेव्हापासून या घरात नळ सोडला की थोरल्याचं नाव निघे. धाकट्या जावईबापूंनी गेली नऊ वर्षं सासुरवाडीत बहुधा तहान दाबूनच काढली. तिसरा लाभ घरगुती होता. जावईबापू एका मोठ्या कंपनीत प्रेझेंटेशनं बनवत, म्हणजे चौकोन काढून त्यांच्यामध्ये बाण टाकत. "पण बाण कुठे जातो?" असं त्यांची बायको, म्हणजे या घरची धाकटी लेक, अधूनमधून विचारी. छप्पर उभं राहिलं की तिला वर बोट दाखवता येणार होतं.

सासूबाईंनाही काही मिळणार होतं. माडीवरच्या लांबट खोलीत त्यांचा शिवणवर्ग भरे. जुने पत्रे जवळजवळ सपाट होते. पाऊस आला की पाणी साचे आणि गळे, ते मशिनांवर पडे, मशिनं गंजत आणि मुलींच्या हातातलं कापड डागाळे. यंदा त्यांना एका शाळेच्या गणवेशांचं काम मिळालं होतं, त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं. माडी वेळेत कोरडी झाली तर काम राहणार होतं, नाही तर जाणार होतं. पण हा लाभ जावईबापूंचा नसल्यामुळे वरच्या हिशेबात धरलेला नाही.

आता सॉफ्टवेअरविषयी.

घरबसल्या घर काढण्याचं सॉफ्टवेअर ही माणसाने स्वतःच्या आत्मविश्वासासाठी केलेली आजवरची सर्वांत मोठी सोय आहे. त्यात काहीही पडत नाही. खालची भिंत पुसली तरी वरचा मजला जागच्या जागी राहतो; आणि हे पाहून माणसाला सॉफ्टवेअरविषयी जी शंका यावी ती न येता स्वतःविषयी खात्री वाटू लागते. वारा असतो, पण तो फक्त झाडांना लागतो. पाऊस नसतो, पावसाळी आभाळ मात्र तीन छटांत मिळतं. अशा वातावरणात सलग दोन आठवडे राहिलेल्या माणसाकडून लोखंडाच्या जाडीची चौकशी करण्याची अपेक्षा ठेवणं, हा त्याच्यावर अन्याय आहे.

जावईबापूंनी फुकटची आवृत्ती उतरवून घेतली. (सॉफ्टवेअरला पैसे देणं त्यांच्या तत्त्वात बसत नसे. कोणत्या तत्त्वात, हे ठरायचं होतं.) तिच्यात भिंती होत्या, दारं होती, खिडक्या तर वाटेल तेवढ्या होत्या. फक्त 'उतरतं छप्पर व कैची' या बटणावर छोटं पिवळं कुलूप होतं.

कैची म्हणजे छपराखालचा तो त्रिकोणी सांगाडा: दोन तिरपे वासे, त्यांचे पाय बांधून ठेवणारी एक आडवी दांडी आणि मध्ये एक उभा. पत्र्यांचं वजन ती भिंतींवर नेऊन पोचवते. भिंतीवर भिंत चढवणं कोणालाही जमतं. घराला घरपण येतं ते कैचीने, आणि कंपनीने कुलूप नेमकं तिथेच लावलं होतं. जावईबापूंनी ते आव्हान म्हणून घेतलं.

त्यांना एक व्हिडिओ सापडला. त्यात एका गृहस्थांचा फक्त हात दिसत होता, पण तो फार आश्वासक होता. हे गृहस्थ सांगत की कुलूप उघडायची गरजच नाही. सॉफ्टवेअरमधल्या सामानाच्या कपाटातून पडद्याची दांडी घ्या, ती ओढून लांब करा, तिरकी करा, दुसरी तिच्यासमोर तिरकी करा, आडवी एक टाका. झाली कैची. व्हिडिओच्या अखेरीला, 'ही युक्ती फक्त चित्र सुबक दिसावं म्हणून आहे, बांधकामासाठी नाही', असंही ते म्हणतात. पण त्याच्या आधी ते व्हिडिओ आवडल्यास कळवा असं म्हणतात, आणि व्हिडिओ तिथेच बंद करण्याची जगरहाटी आहे.

पडद्याची दांडी तिरकी करणं हे दिसतं तितकं सोपं नसतं. सॉफ्टवेअरमध्ये वस्तू तीन प्रकारे फिरते, आणि आपल्याला हवा असतो तो प्रकार नेहमी तिसरा असतो. पहिल्या रात्री दांडी सोफ्यातून आरपार गेली. दुसऱ्या रात्री ती घर सोडून शेजारच्या हिरवळीवर जाऊन उभी राहिली. पाचव्या रात्री दोन दांड्यांची टोकं एकमेकींना भिडली. भिडली म्हणजे एकमेकींच्या आत शिरली, कारण सॉफ्टवेअरमध्ये एकाच जागी दोन वस्तू सुखाने राहू शकतात. जावईबापूंनी खुर्ची मागे सरकवली आणि बायकोला हाक मारली.

"अगं, हे बघ."

ती डोळे चोळत आली. "काय आहे?"

"सांधा."

"छान आहे," ती म्हणाली. "झोपा आता."

मधल्या उभ्यासाठी त्यांना दांडी बारीक वाटली. मग त्यांनी पलंगाचा पाय घेतला, कातीव, अक्रोडी रंगाचा, आणि तो सव्वा मीटर उंच केला. कैचीला त्यामुळे एक घरंदाजपणा आला. अशा, आडव्या-तिरक्या मिळून प्रत्येकी तेरा दांड्यांच्या, एकूण सहा कैच्या तयार झाल्या. त्यांवर छप्पर म्हणून जेवणाच्या टेबलाचा वरचा भाग ओढून पसरण्यात आला.

उंचीच्या रकान्यात एक आकडा चुकून जास्त पडला, त्यामुळे हे सगळं छप्पर भिंतींच्या वर वीतभर अधांतरी तरंगू लागलं. अधांतरी असूनही ते इतकं स्थिर होतं की जावईबापूंना ही चूक दिसलीच नाही. त्यांना दिसली ती भिंत आणि छप्पर यांच्यामधून आत येणारी उजेडाची रेघ. ती त्यांना फार आवडली.

मग आत काय ठेवायचं हा प्रश्न आला. शिवणवर्ग असल्यामुळे मशिनं ठेवायची होती. पण सामानाच्या कपाटात शिवणाचं मशिन नव्हतं. सतरा प्रकारचे सोफे होते, दोन कुत्रे होते (एक बसलेला), 'उभी स्त्री, कप हातात' होती; मशिन नव्हतं. जावईबापू प्रामाणिक गृहस्थ होते. त्यांनी आकार जुळेल अशी वस्तू शोधली आणि मशिनांच्या जागी ओळीने पियानो मांडले.

रविवारी सगळं घर जमलं. सासरेबुवांनी चष्मा पुसला. थोरले जावई हाताची घडी घालून मागे उभे राहिले. पंपाच्या दिवसापासून ते असेच उभे राहत. लॅपटॉपच्या पडद्यावर माडी उघडली आणि कोणीतरी "अरे वा" म्हणालं.

"हे काय आहे हो ओळीने?" सासूबाईंनी विचारलं.

"मशिनं आहेत, आई. म्हणजे सध्या पियानो आहेत."

"पियानो वाजवायचं कोण आहे आपल्याकडे?" सासरेबुवा म्हणाले.

"बाबा, ते मशिनांच्या जागी आहेत."

"जागी असू देत, पण कैची झाकली जातेय ना त्यांच्यामुळे. काढून बघा बरं एकदा."

पियानो काढले. खोली मोकळी झाली, कैच्या नीट दिसू लागल्या. खोली जरा ओकीओकी वाटते असं थोरली लेक म्हणाली, म्हणून एक करडा सोफा ठेवला. सोफ्याने शोभा आली. उंचीचा अंदाज यावा म्हणून कप हातात घेतलेली बाई उभी केली, तेव्हा तर सगळे पडद्याजवळ सरकले. उजेडाची रेघ बरोबर तिच्या केसांवरून जात होती. जिला बघून आपण अजून नीट जगायला सुरुवातच केलेली नाही असं वाटावं, तशी ती बाई होती.

"साडू, हे मात्र झकास हं," थोरले जावई म्हणाले. पंपानंतरच्या नऊ वर्षांत हे पहिलं.

"आणि माझी मशिनं?" सासूबाई म्हणाल्या.

"ती काय, मावतीलच," सासरेबुवा म्हणाले. "आधी छप्पर तर होऊ दे."

इथवर कोणाचंही काही बिघडलेलं नव्हतं. पडद्यावरच्या दांड्या म्हणजे खरे लोखंडी पाइप समजायचे, हे जावईबापूंना पुरेपूर माहीत होतं आणि ते तसं सांगणारही होते. पण त्या सॉफ्टवेअरमध्ये 'सामानाची यादी' असं एक बटण होतं, त्याला कुलूप नव्हतं, आणि सासरेबुवांना छापील कागद फार प्रिय होता. त्यांनी यादी छापून घेतली आणि सोमवारी, कोणालाही न सांगता, खरेदीला बाहेर पडले. यादी अशी होती:

पडद्याची दांडी, स्टील, चकचकीत: ७८ नग
पलंगाचा पाय, कातीव, अक्रोडी: ६ नग
टेबलाचा वरचा भाग: १ नग (रुंदी अकरा मीटर)
सोफा, करडा: १ नग
उभी स्त्री, कप हातात: १ नग
कुंडी: १ नग

(कुंडी पहिल्या दिवशीच भिंतीच्या आत अडकली होती. ती दिसत नव्हती, त्यामुळे निवडता येत नव्हती, त्यामुळे पुसता येत नव्हती. बऱ्याच संस्थांत काही पदं याच कारणाने टिकून असतात.)

हार्डवेअरवाल्याने यादी दोनदा वाचली. स्त्रीपाशी तो थांबला, पण गिऱ्हाईक वयस्कर होतं. टेबलाच्या जागी त्याने पत्रे सुचवले, तेवढा व्यवहार त्याला कळत होता. दांड्यांचा मात्र त्याच्याकडे, बंद पडलेल्या एका दुकानातून घेतलेला, मोठा साठा पडून होता. अशा वेळी गिऱ्हाइकाला प्रश्न विचारणं हे व्यापाराच्या शिस्तीत बसत नाही. संध्याकाळी टेम्पो दारात आला तेव्हा दोन्ही जावई योगायोगाने हजर होते.

"पाइपाच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शात काम झालं," सासरेबुवा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "आम्ही आपले आयुष्यभर लोखंड लोखंड करत बसलो. पडद्याच्या दांडीची कैची. कोणाला सुचलं असतं? डोकं लागतं त्याला." आणि त्यांनी जावईबापूंच्या पाठीवर थाप मारली. मग थोरल्याकडे वळून म्हणाले, "पंप काय, कोणीही दुरुस्त करतो हो."

जावईबापूंकडे या क्षणी दोन रस्ते होते. हे चुकीचं सामान आहे, परत पाठवा, असं ते म्हणू शकत होते. त्यांनी टेम्पोकडे पाहिलं, थोरल्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. नऊ वर्षांनी तो चेहरा असा दिसत होता. आणि शिवाय, ते मनाशी म्हणाले, पडद्यावर या दांड्या दहा दिवस उभ्या आहेत. एक मिलिमीटरही हललेल्या नाहीत.

"हलकं मटेरियल आहे, बाबा," ते म्हणाले. "हल्ली हलक्याचाच ट्रेंड आहे."

काम सुरू झालं. जुने पत्रे उतरवायचे म्हणून माडी रिकामी करण्यात आली, मशिनं खालच्या बोळात आली. बोळ घराचा रस्ता असल्यामुळे मुली भिंतीला पाठ लावून शिवत आणि कोणी गेलं की पाय आखडून घेत. "तात्पुरतं आहे, आई," जावईबापू म्हणाले. (तात्पुरतं हा काळाचा एक प्रकार आहे, त्याला सुरुवात असते.)

वेल्डर आला. त्याचा दर सांध्यामागे होता, त्यामुळे सांध्यांविषयी त्याला आस्था होती. पहिल्या दांडीला त्याने ठिणगी लावली, तशी दांडीत भोक पडलं.

"साहेब, ही आतून पोकळ आहे."

"पाइपही पोकळच असतो."

"हो, पण ही जास्त पोकळ आहे." वेल्डरने भोकातून पलीकडे पाहिलं. "आणि या दोन दांड्या इथे एकमेकींच्या आत दाखवल्यात. कोणती कापायची?"

जावईबापूंनी लॅपटॉप उघडून त्याला चित्र दाखवलं. वेल्डरने बराच वेळ पाहिलं.

"या बाई कोण?"

"त्या नुसत्या अंदाजासाठी आहेत."

"बरं," वेल्डर म्हणाला. "छप्पर भिंतीपासून वर ठेवलंय, ते मुद्दाम?"

आता कुठे जावईबापूंना ती वीतभर फट चूक म्हणून दिसली. पण सासरेबुवा शेजारीच उभे होते. "मुद्दाम," ते म्हणाले. "हवा खेळती राहते."

"मग तेवढे खुंट जास्त लागतील. आणि भोक बुजवायचं म्हणजे दोन सांधे धरतो मी. चालेल?"

"चालेल," सासरेबुवा म्हणाले. "नकाशाप्रमाणे होऊ द्या."

आणि तसंच झालं. भिंतींवर खुंट उभे राहिले, खुंटांवर कैच्या बसल्या, मध्ये कातीव अक्रोडी पाय. चार दिवस ते सगळं उन्हात चकाकत होतं. शेजारपाजारचे लोक गच्चीवर येऊन बघत. चित्रात आणि प्रत्यक्षात काही फरक नाही, असं सर्वानुमते ठरलं. पाचव्या दिवशी पत्रे चढवायला सुरुवात झाली. तिसरा पत्रा ठेवल्यावर पहिली कैची कमरेत हळूच वाकली, वजनाने नव्हे, जणू संकोचाने. मग दुसरीने तिची री ओढली.

घरात बैठक झाली. जावईबापूंनी प्रेझेंटेशन केलं, त्यात तीन चौकोन होते. पहिल्यात, दांड्या काढून लोखंडी पाइपाच्या कैच्या करणं. याने झालेला खर्च फुकट गेला असं दिसलं असतं. दुसऱ्यात, इंजिनियरला बोलावणं. याने वाचलेली फी वाचली नाही असं झालं असतं. तिसऱ्या चौकोनाकडे जाड बाण होता: कैची उत्तम आहे, तिला फक्त छपराचं वजन सहन होत नाही, सबब छपराचं वजन कैचीवर येऊ न देणं.

"म्हणजे कैची राहील?" सासरेबुवांनी विचारलं.

"कैची राहणारच. तिला आपण मोकळं करतोय."

"हेच बरोबर वाटतं," थोरले जावई म्हणाले. त्यांना आता या सगळ्यात रस वाटू लागला होता, आणि तो कोणत्या कारणाने वाटत होता हे त्यांच्या मिशीवरून कळत नव्हतं.

त्यानुसार माडीच्या जमिनीतून दहा लोखंडी खांब उभे करण्यात आले. त्यांसाठी पाइप आणले गेले, जाड, चांगल्या प्रतीचे. कैच्यांना लागले असते त्याहून थोडे जास्तच. खांबांनी छप्पर उचलून धरलं. वाकलेल्या दोन कैच्या सरळ करून घेतल्या आणि सहाही कैच्या छपराखाली, छपराला कुठेही न टेकता, तारांनी टांगून ठेवल्या. जगात कैची छपराला धरते. या घरात छप्पर कैचीला धरू लागलं, आणि इतक्या कोवळ्या भावनेने केलेलं बांधकाम दुसरीकडे क्वचितच आढळेल.

खांब दोन ओळींत होते. मशिनंही पूर्वी दोन ओळींत होती. ओळी त्याच होत्या.

"आता मशिनं कुठे मांडू?" सासूबाईंनी विचारलं. त्या जिन्यात उभ्या होत्या, कारण बोळात उभं राहायला जागा नव्हती.

"आई, बघू ना," धाकटी म्हणाली. "एवढं सुंदर झालंय, लगेच कोंबायची कशाला?"

"कोंबत नाही गं. शिवायचंय."

"अहो, खांब आहेत ना मध्ये," सासरेबुवा समजावून म्हणाले. "खांब काढले तर छप्पर कैचीवर येईल."

सासूबाई पुन्हा बोळात उतरल्या.

गणवेशांचं काम देणाऱ्या शाळेच्या मुख्याध्यापिका एका शनिवारी पाहणीला आल्या. कापडाचे गठ्ठे पाठवण्याआधी मशिनं कशी चालतात ते त्यांना बघायचं होतं. त्यांना बोळातून नेताना एका मुलीने सवयीने पाय आखडले. मग जावईबापूंनी त्यांना माडीवर नेलं, खुर्ची दिली आणि लॅपटॉपवर माडी दाखवली. (प्रत्यक्ष माडीतच बसून तिचं चित्र दाखवण्याची ही पद्धत आता रूढ झाली होती. चित्रात खांब नव्हते.) बाईंना छप्पर आवडलं. कैच्यांची कल्पना तर फारच आवडली, त्यांच्याही घराचं काम निघालं होतं. तिरप्या उजेडाचं त्यांनी कौतुक केलं. निघताना त्यांनी सासूबाईंना विचारलं, "मशिनं कुठे असतात मग तुमची?"

सासूबाईंनी बोळ दाखवला. बाई हसून "अच्छा" म्हणाल्या. गणवेशांचं कापड त्यांनी सोमवारी रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या टेलरकडे पाठवलं. त्याचं छप्पर गळत होतं, पण मशिनं छपराखाली होती.

त्यानंतर मुली हळूहळू येईनाशा झाल्या. बोळातल्या वर्गाची फी घ्यायला सासूबाईंना संकोच वाटे आणि द्यायला मुलींना. पाऊस सुरू झाला. उतारावरून पाणी झकास ओघळत होतं, पत्रे एका थेंबाला आत येऊ देत नव्हते. पाऊस फक्त त्या वीतभर फटीतून येत होता, तिरका, चारही बाजूंनी. पूर्वी पाणी वरून गळे, आता बाजूने येई. हा बदल घरात प्रगती म्हणून नोंदवला गेला. करड्या सोफ्यावर प्लास्टिक घालण्यात आलं. सोफा भिजून चालणार नव्हता, तो यादीप्रमाणे नवा घेतला होता.

"फटीला पडदे लावले तर?" थोरली लेक म्हणाली.

ही सूचना अचूक होती. शिवाय दांड्या उरल्या होत्या. नकाशात एकमेकींच्या आत शिरलेल्या बारा लागल्याच नव्हत्या. मापं घेतली, जाड कापड आणलं, आणि मग सगळ्यांनी सासूबाईंकडे पाहिलं.

"कशावर शिवू?" सासूबाई म्हणाल्या.

मशिनं मागच्याच आठवड्यात गेली होती. बोळात पाणी यायला लागलं तेव्हा नाही तरी पडूनच आहेत असं सर्वांचं मत पडलं होतं, आणि कोपऱ्यावरच्या टेलरला गणवेशांसाठी निकड होती. त्याने सगळी एकदम उचलली. भाव पाडून मागितला, पण नेण्याचा खर्च स्वतः केला. सासूबाईंनी जाताना प्रत्येक मशिनला तेल घालून दिलं होतं.

पडदे कोपऱ्यावरच्या टेलरकडून शिवून आणावे लागले. तो चांगला शिवतो. त्याच्याकडे आता मशिनं भरपूर आहेत.

राहिला हिशेब. जावईबापूंना कबूल केलेलं सगळं मिळालं. मुख्याध्यापिकाबाईंच्या घराचं छप्पर तेच काढत आहेत, आणखी दोन नातेवाईक रांगेत आहेत, आणि बायको पाहुण्यांना वर बोट दाखवते. सासरेबुवा इंजिनियरची फी वाचल्याचं सांगतात. ती खरंच वाचली. फक्त पाइप, पत्रे, दांड्या, वेल्डरचे दुप्पट सांधे, सोफा आणि पडदे एवढंच त्यांना द्यावं लागलं, आणि त्यातलंही बरंचसं मशिनांच्या आलेल्या पैशांतून भागलं. थोरल्या जावयांचं पंपाचं नाव गेलं, पण त्यांनी तेच सॉफ्टवेअर उतरवून घेतलं आहे. ते सध्या जिना काढत आहेत. वेल्डर समाधानी आहे. हार्डवेअरवाल्याची कोठी रिकामी झाली. घरात एकंदर फायदाच फायदा झाला, आणि एवढ्या सगळ्यांना फायदा होतो तेव्हा तो कोणाच्या तरी पदरातून आलेला असतो, पण ती व्यक्ती दुपारी माडीवर प्लास्टिक घातलेल्या सोफ्याच्या कडेला बसून पडदे उघडते आणि पाऊस आला की ओढते, आणि तिची काही तक्रार नाही.

दांड्या अठ्ठ्याहत्तर होत्या, कैच्या सहा, खांब दहा, सोफ्याचे प्रकार सतरा, कुत्रे दोन, त्यांतला एक बसलेला. भिंतीतल्या कुंडीचीसुद्धा नोंद आहे. मशिनं किती होती, हे मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत कुठेही सांगितलेलं नाही.

आपणही विचारलं नाहीत.